कुवेतच्या बर्फावर कॅप्टनसोबत दोन फेऱ्या

भाच्याचा फोन आला तेव्हा मी बॅगेत शेंगदाण्याची चटणी कोंबत होते. "आत्या, एक स्वेटर टाक की बॅगेत," नीलेश म्हणाला. सप्टेंबरात कुवेतला स्वेटर! हा पोरगा लहानपणापासून माझी थट्टा करत आलाय. मी "बरं बरं" म्हटलं आणि स्वेटरच्या जागी चटणीची आणखी एक पिशवी टाकली. या शहाणपणाचं फळ मला पुढे मिळालं.

विमान उतरायला लागलं तशी खिडकीतून नुसती पिवळट जमीन दिसत राहिली, आणि मग एकदम हिरवा-निळा समुद्र. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तर पेटत्या चुलीत डोकावल्यासारखी झळ आली. सांगलीच्या उन्हाळ्याला यापुढे नावं ठेवायची नाहीत, असं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

नीलेश इथल्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे आणि त्याची बायको गौरी नर्स. त्यांचं घर सालमियात, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. खाली बकाला (किराणा दुकान), शेजारी गरमागरम खुबूस (तंदूरची रोटी) भाजणारी बेकरी. पहिल्याच संध्याकाळी मी एकटी जाऊन रोट्या आणल्या आणि घरी येईपर्यंत त्यातली एक संपवली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे इथली सुट्टी. गौरीने झुबेदी (पापलेट) तळली होती आणि जेवायला नीलेशचा एक पेशंट येणार होता. दार उघडलं तर समोर दाराएवढाच माणूस. नाक वाकडं, कपाळावर जुने टाके, हातात खजुराचा डबा. हा पावेल, मूळचा स्लोव्हाकियाचा. आईस हॉकीचा व्यावसायिक खेळाडू म्हणून उमेदीची सगळी वर्षं बर्फावर काढली आणि आता कुवेतच्या एका क्लबात मुलांना शिकवतो. इथे प्रशिक्षकाला सगळे कॅप्टन म्हणतात, तेव्हा आम्हीही कॅप्टनच म्हणू लागलो. जेवायला बसताना त्याने समोरचे चार दात काढून रुमालात गुंडाळले.

"माझे खरे दात एका रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) राहिले," तो हसत म्हणाला. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. माझं इंग्रजी अडलं की नीलेश पूल बांधायचा.

"गोल किती केलेत?" मी विचारलं.

"बोटांवर मोजण्याइतके. मी बचावपटू. अडवले किती, ते विचारा ना!"

मला हा माणूस तिथेच आवडला. मी शाळेत खेळाची शिक्षिका होण्याआधी कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचे. चढाई करणारीच्या नावाने टाळ्या पडतात. तिचा घोटा धरणारीचं नाव तिच्या आईलाही आठवत नाही. मी त्याला म्हटलं, "आम्ही चढाईवाल्याचे हात बघत नाही. हात फसवतात. कंबर बघायची." तो घास हातात धरून थांबला. "अगदी तेच! पकवर, म्हणजे त्या रबरी चकतीवर, नजर ठेवली की मेलात. माणूस बघायचा." मग आम्ही ताटातल्या काट्यांच्या दोन टीम करून अर्धा तास भांडलो. गौरीने शेवटी ताटंच उचलली.

पण त्याच जेवणात मला त्याची खरी अडचण कळली. सहा-सात महिन्यांपूर्वी सरावात त्याचा गुडघा फिरला. ऑपरेशन झालं, नीलेशने त्याला चालता-पळता केलं. बर्फावर पुढे तो छान सरकतो. मागे मात्र त्याला सरकवत नाही. आणि बचावपटूचा सगळा खेळ उलटा: चाल करून येणाऱ्याकडे तोंड ठेवून मागे मागे जायचं. मुलांना ते करून दाखवावं लागतं.

"गुडघा पक्का आहे," नीलेश मला मराठीत म्हणाला. "डोकं ऐकत नाही. रविवारी नवा हंगाम सुरू होतोय. त्या दिवशी कॅप्टन बर्फावर पूर्ण शिकवू शकला नाही, तर क्लब दुसरा माणूस आणणार. नोकरी गेली की अकामा गेला."

अकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना, नोकरीला बांधलेला. परदेशातून आलेल्या कुठल्याही घरात हा शब्द निघाला की सगळ्यांचे कान टवकारतात. कॅप्टनला तेवढा शब्द कळला. तो म्हणाला, "आत्या, मला इथून जायचं नाही. वाळवंटातली ही पोरं बर्फावर पहिल्यांदा उभी राहतात ना, ते तोंड बघायला मी आलोय."

नीलेश मला आत्या म्हणतो, तेव्हा तोही.

दुपार कलल्यावर आम्ही खैरानला गेलो. दक्षिणेकडे सरळसोट रस्ता, विजेचे मनोरे, कुठेतरी रस्त्याकडे पाठ करून उभे उंट. मग समुद्राकाठची सुट्टीची घरं आणि कोमट, उथळ पाणी. नीलेशने कॅप्टनला गुडघाभर पाण्यात उलटं चालायला लावलं. त्याला सोबत म्हणून मीही सलवार दुमडून उलटी चालू लागले आणि एका आजोबांच्या खुर्चीवर जाऊन बसले. खुर्चीत आजोबा होते! ते इतके हसले की त्यांनी आम्हाला वेलदोड्याचा कहवा (कॉफी) पाजला. पाण्यात कॅप्टन बिनधास्त उलटा चालत होता. मला वाटलं, जमलं.

शनिवारी रिंकवर गेलो. बाहेर भट्टी आणि आत पाऊल टाकताच दात वाजायला लागले. नीलेश माझ्याकडे बघून नुसता हसला. कॅप्टनने आपलं जाडजूड जॅकेट मला घातलं. ते माझ्या गुडघ्यांपर्यंत आलं.

तो बर्फावर उतरला. दोन फेऱ्या पुढे, झोकात. मग वळला, उलटं जायचा पवित्रा घेतला, खाली गुडघ्याकडे बघितलं आणि थांबला. पुन्हा घेतला, पुन्हा थांबला. तिसऱ्या वेळी तो कठड्याशी येऊन टेकला आणि हातमोजे काढून बाकावर ठेवले.

तेवढ्यात रिंक सगळ्यांसाठी खुली व्हायची वेळ झाली. भाड्याचे बूट देणारे इब्राहिमभाई दापोलीचे. माझं मराठी ऐकून ते काउंटरमागून म्हणाले, "मावशी, तुमी पन बांदा ना बूट! घाबरायचा काय त्यात? पडलात तर बर्फच हाय, दगड नाय."

मला कोणी घाबरट म्हटलं की माझं डोकं फिरतं. बांधले बूट. बर्फावर पाऊल ठेवलं आणि दोन्ही पाय दोन गावांना निघाले. मी सांगलीला ऐकू जाईल अशी ओरडले. कॅप्टन झेपावला, समोर आला, माझे दोन्ही हात धरले.

"पाय बघू नका, आत्या. मला बघा. शुवय शुवय (हळूहळू)."

मी त्याच्याकडे बघितलं. सवयीने कमरेकडेच. आम्ही सरकू लागलो. मी पुढे, तो माझ्याकडे तोंड करून मागे. थोडं गेल्यावर त्याच्या खांद्यावरून मला कठडा दिसला. तिथे नीलेश दोन्ही हात डोक्याला लावून उभा होता. शेजारी इब्राहिमभाईंनी तोंड उघडलं, तर नीलेशने त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कॅप्टन उलटा चालला होता! आणि त्याला पत्ताच नव्हता, कारण त्याचं सगळं लक्ष मला सांभाळण्यात होतं. आता मी पडले तर तो थांबणार. मला तर तिथून ताबडतोब बाहेर पडायचं होतं, तरी मी म्हटलं, "कॅप्टन, आणखी एक फेरी!"

"शाबास!" तो म्हणाला. वळणावर त्याने ऑपरेशनच्याच गुडघ्यावर भार देऊन मला अलगद फिरवलं. दुसरी फेरी पुरी झाली आणि माझ्याने राहवलं नाही. "अरे बाबा, तू उलटा चाललायस!" मी चक्क मराठीत ओरडले.

कठड्यावरून नीलेशने इंग्रजीत तेच ओरडून सांगितलं. कॅप्टनने खाली बघितलं, मी त्याच्यावर आदळले आणि आम्ही दोघंही बर्फावर बसलो. त्याने आपल्या गुडघ्यावर थाप मारली. मग इतका हसला की खोटे दात सटकले. उठला, मला नीलेशच्या ताब्यात दिलं आणि एकटा, उलटा, अख्ख्या रिंकला वळसा घालून आला. इब्राहिमभाई काउंटर वाजवत होते. मी रडत होते, आनंदाने, आणि थंडीनेही.

रविवारी त्याने मुलांना शिकवलं. कामावर कायम राहिला.

मी निघाले तेव्हा विमानतळावर तोही आला होता. जॅकेट परत देऊ लागले तर घेईना. दाराशी निरोप झाला. नीलेश आणि गौरी गाडीकडे वळले. कॅप्टन मात्र माझ्याकडे तोंड करून, दोन्ही हात हलवत, गर्दीतून उलटा उलटा गेला आणि खोक्यांनी भरलेल्या एका ट्रॉलीवर धडकला. मीही तशीच उलटी आत शिरले. पहारेकरी म्हणाला, "शुवय शुवय, हज्जा (आजीबाई)."

आता सांगलीत लोक विचारतात, कुवेतला काय बघितलं? समुद्र बघितला, सोन्याची दुकानं बघितली, उंट बघितले. पण सर्वांत भारी काय, तर एक माणूस उलटा चालताना बघितला. त्यांना काही कळत नाही. मग मी उठते, ते गुडघ्यापर्यंतचं जॅकेट चढवते, समोरच्याचे दोन्ही हात धरते आणि माजघरात त्याला एक फेरी मारून आणते. तो पुढे, आणि त्याच्याकडे तोंड करून उलटी मी.