दंड माफ झाला, त्याची गोष्ट

शनिवारी सकाळी हॉटेलातून खाली आलो तर माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाला पिवळा लोखंडी क्लॅम्प अडकवलेला. काचेवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद: विनापरवाना पार्किंग, दंड तीनशे दिरहम, पैसे भरल्याशिवाय चाक सुटणार नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, काय मोगलाई लागून गेली आहे? मी चोर आहे का? मला विचारायचं तरी! मी हॉटेलच्या दारात उभा राहून मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत ओरडलो. शेवटी माझी नऊ वर्षांची मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, प्लीज. एव्हरीवन इज लुकिंग." मग तिच्यावरही ओरडलो.

मुळात आम्ही हॉटेलात होतो तेच नाइलाजानं. दोन हजार दोन-तीनचा सुमार. भाडं परवडतं म्हणून आम्ही शारजात राहायचो आणि नोकरीसाठी रोज दीड-दोन तास ट्रॅफिकमध्ये सडत मी दुबईला यायचो. त्या जुलैत आमच्या बिल्डिंगचा सेंट्रल एसी बसला. वॉचमनला विचारलं की "कल इन्शाल्ला." तीन दिवस ते इन्शाल्ला ऐकलं. भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. घरात बायको, मुलगी आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेली माझी आई. आईला बीपी, शिवाय दोन्ही गुडघे कामातून गेलेले. चौथ्या दिवशी ती जेवताना नुसती पानाकडे बघत बसली, तेव्हा मी म्हटलं, खड्ड्यात गेले पैसे. दुबईत एक साधं हॉटेल चार दिवसांसाठी घेतलं.

गुरुवारी दुपारी पोचलो. हॉटेलच्या दाराला लागून छपराखालचं, सावलीतलं पार्किंग होतं, पण ते शेजारच्या ऑफिस बिल्डिंगचं. हॉटेलच्या पाहुण्यांची सोय कुठे, तर रस्ता ओलांडून पलीकडच्या वाळूच्या प्लॉटवर. आईला उतरवायला मी गाडी दाराशी थांबवली आणि म्हटलं, "सावकाश गं, गुडघा सांभाळ." ते ऐकून सावलीतल्या पार्किंगचा गार्ड पुढे आला. तिशीचा असेल. घामानं भिजलेला गणवेश, छातीवर नंबराचा बिल्ला. त्यानं हात पुढे केला आणि चक्क मराठीत म्हणाला, "आजी, मला धरा. घाई करू नका."

झालं. आईला आणखी काय हवं होतं? इकडे येऊन महिना झाला होता, आणि घरच्यांखेरीज तिच्याशी मराठीत बोलणारा हा पहिलाच माणूस. तिनं त्याचा हात सोडलाच नाही. कुठला रे बाबा तू, घरी कोण कोण, लग्न झालंय का. पाच मिनिटांत तिनं सगळं काढून घेतलं. गुहागरकडचा. इथे येऊन तीन वर्षं झालेली. येताना बायको पोटुशी होती, मुलगी झाली ती त्याच्या माघारी. आता अडीच वर्षांची आहे, आणि यानं तिला फक्त फोटोत पाहिलेलं. "फोनवर बोलते माझ्याशी," तो हसत म्हणाला, "पण बाप म्हणजे तो फोनच, असं तिला वाटतं आजी." आता गणपतीला त्याची पंचेचाळीस दिवसांची रजा मंजूर झाली होती. तीन वर्षांतली पहिली. ते सांगताना त्यानं बोटांवर आठवडे मोजून दाखवले. सहा.

मग तोच मला म्हणाला, "साहेब, गाडी पलीकडे कशाला नेताय? आजींना प्रत्येक वेळी उन्हात उभं राहावं लागेल. चार जागा कायम मोकळ्या असतात इथे. लावा इथेच, मी आहे." मी लावली. शुक्रवार छान गेला. आणि शनिवारी सकाळी, त्याची ड्युटी नसताना, पार्किंग सांभाळणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन क्लॅम्प ठोकून गेला.

हॉटेलच्या रिसेप्शनवर गेलो तर तिथला मॅनेजर गोड हसून म्हणाला, "सर, नॉट अवर पार्किंग." तुमच्या दाराला चिकटून आहे, तुमचा गेस्ट आहे मी, एक फोन तरी करा! "सर, नॉट अवर पार्किंग." पोपट बरा. शेवटी ऑफिसला उशीर होत होता म्हणून पैसे भरले. "म्हणजे जवळजवळ चार हजार रुपये!" आई म्हणाली आणि कपाळाला हात लावला. बायको म्हणाली, "भरलेस ना? आता सोडून दे." पण सोडून देईन तो मी कसला.

संध्याकाळी ऑफिसातून परत आलो तेव्हा गार्ड ड्युटीवर होता आणि त्याला कळलं होतं. चेहरा एवढासा झाला त्याचा. "माझी चूक साहेब. पगार झाला की मी देतो तुम्हाला." ते ऐकून मी आणखीच भडकलो, त्याच्यावर नाही, कंपनीवर. म्हटलं, "तू कशाला देशील? मी बघतो त्यांच्याकडे. लेखी जाब विचारतो त्यांना." तो म्हणाला, "जाऊ दे ना साहेब." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "खरंच, जाऊ दे." मला वाटलं, भिडेनं म्हणतोय. भला माणूस आहे, संकोच करतोय. किती अक्कल होती मला!

आता माझं काम काय ते सांगायला हवं. मी एका बांधकाम कंपनीत क्लेमची पत्रं लिहायचो. काम का लांबलं, वाढीव खर्च कोणाच्या माथी, कोणत्या तारखेला कोणी काय सांगितलं होतं. त्या धंद्याचा पहिला नियम असा, की तोंडी परवानगी म्हणजे हवा. ती सिद्ध करायची तर माणूस हवा, हुद्दा हवा, वेळ हवी. 'तुमच्या एका माणसानं सांगितलं होतं' असं लिहिलं की समोरचा पत्र केराच्या टोपलीत टाकतो. 'अमुक नावाच्या, अमुक नंबरच्या माणसानं, इतक्या वाजून इतक्या मिनिटांनी' असं लिहिलं की त्याला घाम फुटतो. दहा वर्षं मी हेच करत आलो होतो, आणि त्याचा मला गर्व होता. साइटवरचे इंजिनिअर माझ्याकडे यायचे, म्हणायचे, "जरा धार लाव याला."

तशी धार लावून मी दुसऱ्या दिवशी अपील लिहिलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत, दोन पानी. सगळं घातलं. गार्डचं नाव, बिल्ल्याचा नंबर, गुरुवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. आईचं वय, गुडघे. आणि तिसऱ्या परिच्छेदात माझा हुकमाचा पत्ता. ते म्हणतील, गार्डला इंग्रजी नीट येत नाही, तुमचा काहीतरी गैरसमज झाला असेल. म्हणून मी आधीच पाचर मारून ठेवली: हे संभाषण आम्हा दोघांच्या मातृभाषेत, मराठीत झालं, तो आणि आम्ही महाराष्ट्रातल्या एकाच भागातले आहोत, सबब गैरसमजाला तिळमात्र वाव नाही. खरं तर आम्ही पुण्याचे, तो कोकणातला. पण 'एकाच भागातले' जोरदार वाटत होतं. ठेवलं.

संध्याकाळी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या बिचाऱ्याचं नाव कशाला घातलंस?"

"अगं, तोच तर पुरावा आहे! आणि मी त्याची तक्रार कुठे केली आहे? 'अत्यंत सौजन्यशील' असं लिहिलंय बघ."

"मला नाही बरं वाटत," ती म्हणाली. मी म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. फॅक्स केला.

दहा दिवसांत उत्तर आलं. दंड रद्द, रक्कम परत, गैरसोयीबद्दल दिलगिरी, आणि आपल्या स्पष्ट व तपशीलवार पत्राबद्दल आभार. काय फुशारलो मी! चहाच्या वेळी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं माझ्या पत्राची कॉपी मागून घेतली, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून.

ऑगस्टच्या शेवटी आईनं रव्याचे लाडू केले. तिचं चाललं होतं की त्या गार्डला नेऊन दे, तो आता गणपतीला निघेल, त्याच्या मुलीला आजीकडून खाऊ. मी डबा घेऊन गेलो. सावलीत दुसराच गार्ड उभा होता. त्याला विचारलं तर तो हिंदीत म्हणाला, तो इथे नाही आता, अल क्वोजला गोडाऊनवर टाकलं त्याला. मी म्हटलं, रजेवर गेला असेल ना? "छुट्टी कैंसल हो गया साब. उसने अपने गाँववाले को फोकट में पार्किंग दिया था. कोई लेटर आया था."

मी तिथेच उभा राहिलो. हातात लाडवांचा डबा. त्या माणसाला मी सांगितलंही नाही की तो गाववाला मीच.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून पार्किंग कंपनीच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, हे पैसे घ्या. तीनशे काय, सहाशे घ्या. दंड परत लावा. माझी चूक होती, मी खोटं लिहिलं, गार्डनं काही सांगितलं नव्हतं. समोरचा मॅनेजर आधी गोंधळला, मग हसला. "हबीबी, पैसे परत मिळाले ना तुम्हाला? केस क्लोज्ड. खलास." मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, त्या माणसाचं काय? त्यानं फाईल उघडली आणि शांतपणे समजावलं. चार मोकळ्या जागा सगळेच गार्ड पाहुण्यांना देतात, ते आम्हाला माहीत आहे. एरवी समज देऊन सोडलं असतं. पण स्वतःच्या मुलखातल्या माणसावर मेहेरबानी करणं वेगळं. ते आमच्याकडे चालत नाही. गार्ड ज्या सिक्युरिटी कंपनीचा, तिला कळवावंच लागलं. त्यांनी त्याची रजा एक वर्ष पुढे ढकलली. मग माझं पत्र माझ्यासमोर सरकवून तो म्हणाला, "युअर लेटर वॉज व्हेरी क्लिअर, सर."

तिसऱ्या परिच्छेदाखाली कोणीतरी लाल पेनानं रेघ मारली होती.

किती शिव्या घातल्या मी त्या दिवशी गाडीत बसून! त्या मॅनेजरला, त्या कंपनीला, त्या पोपटाला, त्या एसी बसलेल्या बिल्डिंगच्या मालकाला. एका बापाला त्याच्या पोरीपासून आणखी वर्षभर तोडायचं, आणि का, तर एका म्हातारीला ऊन लागू नये म्हणून त्यानं एक जागा दिली. जनाची नाही, मनाची तरी! हे सगळं मी त्यांना म्हणत होतो, आणि आरशात मीच दिसत होतो. सिक्युरिटी कंपनीलाही दोन पत्रं पाठवली. चांगली लिहिली होती. उत्तर आलं नाही.

शुक्रवारी अल क्वोजला गेलो. पत्र्याच्या शेडची ओळ, मागे कामगारांच्या खोल्या. तो बाहेर नळावर कपडे धूत होता. मला बघून उठला, हात पुसले, बसायला बादली उलटी करून दिली. मी वाटेत जुळवलेलं सगळं बोललो. माफ कर, मला कल्पना नव्हती, मी अजून वर लिहितो, तुझ्या तिकिटाचे पैसे मी भरतो.

"तिकीट कंपनीच देते साहेब," तो म्हणाला. "रजा देत नाही."

मला वाटत होतं, यानं चिडावं. आईबहिणीवरून शिवी द्यावी, कॉलर धरावी. मी असतो तर धरली असती. त्यानं आईचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. लाडवांचा डबा घेतला, खोलीत नेऊन ठेवला, रिकामा डबा नळाखाली विसळून परत आणून दिला. घरी काय सांगितलंस, असं मी विचारलं. म्हणाला, बायकोला सांगितलं की काम वाढलंय. मुलीला अजून काही सांगितलं नाही. ती रोज विचारते.

मी निघालो तसा तो गाडीपर्यंत आला. काचेत वाकून म्हणाला, "एक विचारू? सुपरवायझरनं तुमचं पत्र मला वाचून दाखवलं, हिंदीत करून. सगळं खरं होतं त्यात. माझं नाव घातलंत, तेही समजलं. पण मी आजींशी मराठीत बोललो, हे कशाला लिहिलंत?"

काहीतरी पुटपुटलो. पुराव्यासाठी, असं काहीतरी. त्यानं मान हलवली, जणू पटलं.

खरं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं, आणि ते त्याच्या तोंडावर द्यायची माझी छाती झाली नाही. वाक्य छान जमलं होतं, म्हणून लिहिलं होतं.