एल्स्पेथबाईंची दोरी

इनव्हरडोरचे गोल्फ मैदान कोणी आखलेले नाही. समुद्राने टाकून दिलेल्या वाळूत पीक येईना, म्हणून स्कॉटिश शहाणपणाने गावाने ती मेंढ्यांना दिली. वाऱ्याला पाठ करून मेंढ्या जिथे बसल्या तिथे खड्डे पडले, आणि पुढे सभ्य गृहस्थ त्याच खड्ड्यांत चेंडू घालवून रविवारच्या प्रार्थनेपेक्षाही मनापासून देवाचे नाव घेऊ लागले. क्लबच्या भिंतीवर तसबिरी मात्र कप्तानांच्या लागल्या.

याच वाळूत कपडे वाळत घालण्याचा गावातल्या बायकांचा पूर्वापार हक्क होता. एक उन्हाळा दोरी रिकामी राहिली की तो बुडणार होता. घरोघरी कपडे वाळवायची यंत्रे आली आणि दोरीवर एकट्या एल्स्पेथ मकरी उरल्या: कोळ्याची विधवा, गुडघ्यांनी अधू, जिभेने धडधाकट. असा हक्क मुळी नव्हताच, तेव्हा दोरीचे खांब उपटावेत, असे क्लबचे कप्तान लेडिंगहॅम यांनी नगरपालिकेला कळवले होते. निकाल व्हायचा होता.

त्याआधी चषकाचा अंतिम सामना आला. शेवटच्या फटक्यांपैकी एक वाऱ्याने वळवला आणि कप्तानांचा चेंडू एल्स्पेथबाईंच्या झोळीसारख्या टांगलेल्या चादरीत जाऊन पडला. मैदानाचा रिवाज सरळ होता: मालकिणीची परवानगी घेऊन चेंडू काढावा, नाहीतर दंडाचा फटका सोसावा. दंड सोसला तर चषक प्रतिस्पर्ध्याकडे, बँकेच्या डथींकडे, जात होता.

"मिसेस मकरी, जरा ती चादर सोडा."

"कुठली चादर, कप्तानसाहेब? तुमच्या मते इथं दोरीच नाही."

"थट्टा पुरे. लोक ताटकळलेत."

"मग घ्या की दंड. डथींना बरं वाटेल."

डथी अत्यंत सोशिकपणे समुद्राकडे पाहत होते. नगराध्यक्ष बेन घडीच्या खुर्चीतून म्हणाले, "विचारून टाका हो. चहा गार होतोय."

कप्तानांनी टोपी काढली. "दोरीवरून चेंडू काढायची परवानगी द्याल का?"

"कोणाच्या दोरीवरून?"

"तुमच्या."

"बेन, ऐकलंस ना? तुला डाव्या कानानं कमी ऐकू येतं."

"ऐकलं, एल्स्पेथ. गावानं ऐकलं."

बाईंनी एकेक चिमटा सावकाश काढला.

चषक कप्तानांनीच जिंकला. खांबांचा विषय पालिकेत पुन्हा निघाला नाही. क्लबने फक्त उदार मनाने खांबांना हिरवा रंग दिला, म्हणजे ते दिसणार नाहीत. तो उशांच्या अभ्र्यांना लागतो, अशी एल्स्पेथबाईंची तक्रार अजून चालू आहे.