फुटला आणि फोडलास

धनलक्ष्मी स्पॅनिशमध्ये एम.ए. करते, हे मंद्रूपात कुणाला सांगून खरं वाटत नसे. वडिलांच्या दुकानात खत न्यायला आलेली माणसं विचारायची, "ते शिकून बोलायचं कुणाबरोबर?" समजावून सांगणं तिनं कधीच सोडून दिलं होतं. सकाळची एसटी धरून ती सोलापूरला विद्यापीठात यायची आणि वर्गात बसली की तिची खरी पंचाईत सुरू व्हायची.

शिकवणारी देवयानी मॅडम जीव तोडून शिकवायची, पण तिचं एक ठाम मत होतं. वाक्य आधी इंग्रजीत नीट मांडा, मग त्याचं स्पॅनिश करा. इंग्रजी शाळेतून आलेल्या ओजसला ते सोपं होतं. धनलक्ष्मीच्या मनात वाक्य यायचं मराठीत, कधी कधी तर आईच्या कन्नडमध्ये. ते उचलून इंग्रजीत न्यायचं आणि तिथून पुढे स्पॅनिशमध्ये. म्हणजे मंद्रूपहून सोलापूरला यायला आधी पुणं गाठायचं! ही पोचेपर्यंत ओजसचं उत्तर देऊन झालेलं असे. लेखी परीक्षेत ती त्याला हार जायची नाही, तोंडी परीक्षेत मात्र दरवेळी मार खायची.

आणि आता सगळं तोंडीवरच येऊन ठेपलं होतं. सहा महिने स्पेनमध्ये राहून शिकायला विभागातून एकच जण जाणार होता. निवड करायला तिकडच्या पिलारबाई स्वतः आल्या होत्या. धनलक्ष्मीला ती जागा हवी होती. कबूल करायची लाज वाटावी, इतकी हवी होती.

तिला विषय आला ‘कुटुंब’. हा तर तिनं घोटून पाठ केलेला. दोन वाक्यं झोकात गेली आणि तिसऱ्याला गाडी अडली. एकत्र कुटुंबाला इंग्रजीत काय म्हणतात तेच आठवेना, मग स्पॅनिशचं काय घेऊन बसलात! पिलारबाईंच्या शेजारी बसलेली मॅडम टेबलाकडे बघत राहिली.  धनलक्ष्मी समोरचा पाण्याचा पेला उचलायला गेली, तो हातातून निसटला आणि फरशीवर खळ्ळकन फुटला.

"आय! से मे आ काईदो!" ती ओरडली.

म्हणजे, अगं बाई, माझ्या हातनं पडला की!

मॅडमनं झटकन वर पाहिलं. इंग्रजीत माणूस म्हणतो, मी पेला पाडला. स्पॅनिशमध्ये पेलाच पडतो, माणसाच्या हातून. हे एवढंसं वळण वर्गाच्या गळी उतरवताना मॅडमला घाम फुटला होता, ओजससकट सगळे तिथे हटकून चुकायचे. आणि ही पोरगी दचकलेली, घाबरलेली, तरी इंग्रजीला न विचारता थेट तिथे जाऊन पोचली होती.

"हे कुठे शिकलीस?" पिलारबाईंनी स्पॅनिशमध्ये विचारलं.

"घरी," धनलक्ष्मी म्हणाली, तेही स्पॅनिशमध्येच. "मराठीत आम्ही असंच म्हणतो. कन्नडमध्येही. कै जारि बित्तु, म्हणजे हात निसटून पडलं."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "मग तुमच्याकडे दोष कुणालाच देत नाहीत?"

"तसं कुठलं! पेला कुणाच्या हातून पडला त्यावर आहे ते. पाहुण्याच्या हातून पडला तर आज्जी म्हणते, फुटला, फुटू दे. माझ्या आईच्या हातून पडला तर म्हणते, फोडलास! पेला तोच, फरशी तीच. पण आई सून आहे. ती लग्न होऊन आल्यापासून तिच्या हातून आमच्या घरात एकही वस्तू आपली आपण फुटलेली नाही."

बाई खो खो हसल्या. "माझी सासू! अगदी माझी सासू!" मग हळूच म्हणाल्या, "याच्यावर आणखी बोल."

ती बोलली. कुटुंब म्हणजे काय ते बोलली, कुणाची चूक आपोआप घडते आणि कुणाला ती करावी लागते ते बोलली. दोनदा अडखळली, स्वतःच दुरुस्त केलं आणि पुढे गेली. पाठ केलेलं एक वाक्य त्यात नव्हतं. वेळ संपून गेली तरी तिला कुणी थांबवलं नाही.

संध्याकाळी निकाल लागला. ओजसचं तोंड उतरलं होतं, पण बिचाऱ्यानं हात मनापासून मिळवला. मॅडमनं तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "उद्यापासून वर्गात मराठी चालेल. कन्नडसुद्धा."

धनलक्ष्मीनं बाहेर येऊन घरी फोन लावला. 

"अव्वा, ती जागा मला मिळाली."

 पलीकडे आईचा, गुरम्माचा आवाज एकदम चढला.

"मिळाली काय म्हंतीस गं? मिळवलीस की तू!" आणि फोन तसाच हातात धरून ती दुकानाच्या दिशेनं ओरडली, "अहो, ऐकलंत का? धनूनं मिळवली!"