जैतुनाचं तेल

नातीनं जैतुनाच्या तेलाची बाटली उघडली आणि त्या वासानं मला शिरड शहापूरला, सासरी नेलं. निजामाचं राज्य होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, पोट साफ होत नसे. ह्यांनी हिंगोलीच्या हकिमाकडून रोज चमचाभर घ्यायला हे तेल आणलं. मी ते चोरून केसांना लावून संपवलं आणि बाटलीत करडीचं भरून ठेवलं. सासूबाई चार दिवस कळा सोसत होत्या.

ह्यांनी विचारलं, "माय, काही फरक हाय का?"

त्यांना उठवायला मी वाकले होते. माझे केस त्यांच्या नाकाशी आले. त्यांनी वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"व्हय," त्या म्हणाल्या, "आराम पडून राहिला."

त्यांनी माझी चोरी झाकली. मी मात्र त्यांची माफीसुद्धा मागितली नाही.