सॅक्सोफोनवरचा दुसरा बाण

आमच्या जबलपूरच्या फॅक्टरीत तोफेच्या गोळ्यांइतकेच किस्सेही तयार व्हायचे. फरक एवढाच, की किस्स्यांना गेटपास लागत नसे. जेवणाच्या डब्यातून, सायकलच्या कॅरिअरवरून कसेही बाहेर यायचे आणि घरोघरी साचत बसायचे. माझ्याकडे साचलेत त्यातले बरेचसे एकट्या भाऊ धोट्यांचे. आणि भाऊंचं बोलायला बसलो, की गाडी त्या सॅक्सोफोनपाशीच जाऊन थांबते.

भाऊ आमच्या इन्स्पेक्शन सेक्शनचे मुख्य. एकाहत्तरच्या लढाईचा काळ, ओव्हरटाइम जोरात. कुठला गोळा पास आणि कुठला रिजेक्ट हे भाऊ ठरवायचे, आणि जराशी शंका आली तरी रिजेक्ट. वरच्या साहेबाचंही मग काही चालत नसे. संध्याकाळी हेच भाऊ आमच्या गणेशमंडळाच्या ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवायचे. सदू अकॉर्डियनवर, मी बोंगोवर.

तपासायची सवय काही गेटवर ठेवून येता येत नाही. एकदा वहिनींसोबत भाजीला गेले. जवळच्या पनागर गावचा भाजीवाला होता. भाऊंनी एकेक वांगं उचलायचं, उजेडाकडे धरायचं, फिरवायचं, नखानं टिचकी मारून कानाशी न्यायचं आणि बाजूला ठेवायचं. वहिनी लाजून दुसऱ्या दुकानाकडे सरकल्या. भाजीवाल्यानं बराच वेळ पाहिलं आणि हात जोडून म्हणाला, "बाबूजी, भटा ले रहे हो कि बम?"

*

भाऊंना क्लॅरिनेट आवडायचं, पण जीव होता सॅक्सोफोनवर. तरुणपणी रेल्वेवाल्यांच्या क्लबात नाच चालायचा तेव्हा कुंपणाबाहेर सायकल टेकवून ते ऐकत उभे राहायचे. तो सूर म्हणे कानात जात नसे, छातीत जाऊन बसायचा. लग्न झालं, मुली झाल्या, केस पिकले, सूर तिथंच बसून राहिला.

फॅक्टरीच्या शॉपमध्ये दुपारी उन्हाचे पट्टे खाली उतरायचे, मशीनचा आवाज एकसुरी व्हायचा, तेव्हा भाऊ एखादं रिकामं पितळी कवच छातीशी धरायचे आणि त्यांची बोटं आपोआप चालायला लागायची. नवीन आलेल्या साहेबानं एकदा हे पाहिलं. काय चाललंय म्हणून विचारलं.

"तपासून राहिलो, साहेब."

"मग डोळे कशाला मिटलेत?"

भाऊंनी डोळे उघडले आणि ते कवच रिजेक्टच्या खोक्यात टाकलं. साहेबाला वाटलं, काय पारख आहे माणसाची!

*

अशात सदू बातमी घेऊन आला. सिविल लाइंसमध्ये एका बंगल्याच्या मागच्या भागात एक म्हातारी मेमसाहेब राहायची. नवरा फौजेच्या बँडचा बँडमास्टर होता, वारला होता. आता ती मुलीकडे मद्रासला कायमची चालली होती आणि नवऱ्याचा सॅक्सोफोन द्यायचा होता.

आम्ही तिघं तिच्याकडे गेलो. तिनं पेटी उघडली. आत विटलेली जांभळी मखमल, आणि त्यावर तो. सोनेरी रंग बराच उडालेला, तरी व्हरांड्यात उजेड पडल्यासारखं झालं.  लहान मुलाच्या गालाला लावावा तसा भाऊंनी त्याला हात लावला.

मेमसाहेब सांगत होती, की मागच्या महायुद्धानंतर तिचा नवरा पलटणीतून हा घेऊन आला. भाऊंचा हात तिथंच थांबला.

पलटणीचा म्हणजे सरकारी माल. आम्हा फॅक्टरीवाल्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. फौजेच्या वस्तूवर बाणाचा छाप ठोकलेला असतो. सरकारनं ती रीतसर विकून टाकली, तर त्या बाणाच्या टोकाला टोक भिडवून दुसरा बाण ठोकतात. दोन बाण असले तर खुशाल घरी न्या. एकच असला, तर तो चोरीचा. आणि लढाई चालू असताना फॅक्टरीच्या माणसाच्या घरी असा माल सापडला, तर नोकरी तर गेलीच, वर हातात बेड्या. मेमसाहेबकडे कागद कुठलाच नव्हता, आणि वाद्यावर नुसत्या डोळ्यांनी बाण एकही सापडला नाही. ज्याची आयुष्यभर वाट पाहिली तो समोर होता, आणि भाऊंना त्याच्या जन्माची खात्री नव्हती. मला त्यांच्याकडे पाहवेना.

*

सदूचं डोकं भलतीकडेच चालायचं. म्हणाला, सॅक्सोफोन फॅक्टरीत नेऊ, तिथल्या मोठ्या भिंगाखाली इंच इंच पाहू. भाऊही क्षणभर भुलले. आधी गेटवरच्या दरवानाला विचारून ठेवलं. तो समजूतदार होता.

"अंदर शौक से ले जाओ, भैया," म्हणाला. "बाहर निकलते बखत वो सरकार का हो जाएगा."

*

मग कळलं, की त्याच बँडमध्ये पूर्वी वाजवणारा एक म्हातारा सिहोऱ्याला असतो आणि लग्नाची बँडपार्टी चालवतो. रविवारी सकाळी आम्ही तिघं बसनं गेलो. भाऊंनी सगळं सांगितलं: लांबी, कळा, डाग, झिजलेल्या जागा, कुठं झाळलेलं, कुठं पोचा. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, वाजतो कसा?

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सॅक्सोफोन कुणी फुंकलाच नव्हता!

म्हातारा हसत सुटला. भाऊ ओशाळून म्हणाले, "अहो, आमच्या इथं तपासणाऱ्यानं गोळा उडवायचा नसतो न."

निघताना म्हाताऱ्यानं कामाचं सांगितलं. त्यांच्या बँडच्या वाद्यांवर बाण मागच्या बाजूला असायचे, उजवा अंगठा टेकतो तिथं. काही वाद्यं रीतसर विकली होती, हे त्याला आठवत होतं. हाच त्यातला का, ते आठवत नव्हतं.

*

तिथून आम्ही थेट सिविल लाइंसला. दुपार कलली होती. मेमसाहेबच्या ट्रंका दोरीनं बांधून व्हरांड्यात आल्या होत्या. संध्याकाळची गाडी. कडुनिंबाची सावली फरशीवर सावकाश हलत होती आणि कबुतरं घुमत होती. लढाई कुठं चालू असेल, असं वाटतच नव्हतं.

भाऊंनी सॅक्सोफोन पालथा केला, खिशातलं लहान भिंग डोळ्याला लावलं. पहिला बाण होता. तिळाएवढा, पण स्वच्छ, जसा काल ठोकलेला. त्याच्या टोकापुढची जागा मात्र पार गुळगुळीत. इतकी वर्षं बँडमास्टरचा अंगठा तिथंच टेकत आला होता. मी पाहिलं, सदूनं पाहिलं. वाद्य जरा तिरपं केलं, की दुसऱ्या बाणाची रेघ आहेसं वाटायचं. सरळ केलं, की नाहीच.

सदू म्हणाला, चला भाऊ, राहू द्या. मलाही तेच वाटत होतं. भाऊ भिंग हातात घेऊन नुसते बसून राहिले. डोळे भरले होते त्यांचे, आणि ते लपवतही नव्हते.

मेमसाहेबला हे बाणाबिणांचं काही ठाऊक नव्हतं. ती ट्रंकेवर बसली आणि म्हणाली, "लेना मत लेना, एक बार सुना दो. फिर तो मैं चली."

भाऊंनी पट्टा गळ्यात घातला. तोंडाकडची पट्टी जिभेनं ओली केली. उजवा अंगठा मागं नेऊन टेकवला, आणि फुंकलं.

पहिला सूर फाटला. दुसरा लागला. मग एकच लांब, जाडसर, उन्हासारखा ऊबदार सूर व्हरांड्यातून निघाला आणि अंगणात पसरत गेला. मेमसाहेबनं डोळे मिटून घेतले. टांगेवाला सामान न्यायला आला होता, तो पायरीवरच थांबला. भाऊ वाजवत होते, वाजवतच होते.

मध्ये श्वास घ्यायला थांबले तेव्हा सदूनं हळूच विचारलं, "भाऊ, दुसरा बाण आहे की नाही, ते सांगा न."

भाऊंनी तोंड बाजूला घेतलं. हात नाही हलवला.

"आता कसा दिसन बाप्पा?" म्हणाले. "अंगठा आहे न माझा तिथं."