आमेनच्या पुढचे तीन शब्द

ह्या पानावर छापून येणारे अनुभव मी न्हाव्याच्या दुकानात नंबर लागेपर्यंत वाचतो आणि हसतो. कोणाला चिंचेखाली बाई दिसते, कोणाच्या गाडीत मागं कोणी येऊन बसतं... माझं म्हणणं, दिसली तर थांबून नाव-गाव विचारायचं ना! पळता कशाला? मी तिसरीपर्यंत शिकलो, पण उभ्या जन्मात मला कोणी फसवू शकलेलं नाही. धरणगावला जिनिंगमध्ये जन्मभर फिटर होतो. त्यात आम्ही ख्रिस्ती. मेलेला माणूस प्रभूकडं जातो, तो भिंतीत येऊन बसत नाही, हे मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, वडील म्हणून मी कित्येकांना सुनावलेलं आहे. तरी हे लिहितोय. शुद्धलेखन सुधारून घ्या, मजकूर सुधारू नका.

माझा एकुलता मुलगा शमुवेल, सून रूथ आणि नात कृपा – तिघं आफ्रिकेत, मलावी देशात मिशनच्या कामाला आहेत. म्हणजे होते. तो शाळा चालवायचा, रूथ नर्स, दवाखाना बघायची. कृपाचा जन्म तिथलाच. हे सांगताना माझी छाती फुगते, कोणाला आवडो न आवडो. चहाच्या टपरीवर भागवत भाऊ मला चिडवायचा, "काय हो नाना, पहिले गोरा लोके आठे येवाले, आते तुम्हना पोऱ्या तठे गया! त्यासले अहिरानी शिकाडस का तो?" मी म्हणायचो, "तुना पोऱ्या तं नशिराबादना पुढे गया नही, तू चहा पे."

तर मागच्या वर्षी त्यांची मुदत संपत आली. अजून तीन वर्षं राहायचं की परत यायचं, ते मिशनला कळवायचं होतं. शमुवेलनं मला विचारलं. मी म्हटलं, राहा. कामावरून मधेच उठायचं नाही. तो म्हणाला, "बरं नाना." विषय संपला.

आता माझ्या बायकोचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मार्था. ती जाऊन बरीच वर्षं झाली, शमुवेलच्या लग्नाच्या आधी गेली. आमच्या भिंतीला भिंत लागून वेणूअक्का राहायची – एकटी बाई, भारी मानी. उपाशी राहील पण मागणार नाही. म्हणून मार्थानं एक युक्ती काढली होती. जेवणाआधीची प्रार्थना मी करायचो, मी आमेन म्हटलं की ती हळूच म्हणायची, "न तिले बी." आमच्या अहिराणीत, तिलाही दे, असं. आणि रिकामी वाटी भिंतीवर दोनदा वाजवायची. मग वेणूअक्का 'विस्तव शे का?' असं काही निमित्त करून मागच्या दारी यायची आणि ताट घेऊन जायची. शेवटपर्यंत ह्या दोघींनी एकमेकींना जेवणाचं नाव काढलं नाही. शमुवेल तेव्हा धुळ्याला बोर्डिंगात. नाताळला तो घरी यायचा तेव्हा वेणूअक्का आमच्याच पंगतीला असायची, भिंत वाजवायचं कारणच नव्हतं. उन्हाळ्यात ती भावाकडं यावलला जायची. पुढं ती वारली आणि ती वाटी बंद झाली. म्हणजे ही गोष्ट माहीत असलेला जिवंत माणूस एकच. मी.

दर रविवारी उपासना झाली की व्हिडिओ कॉल यायचा. आपल्याकडं चहाची वेळ, त्यांच्याकडं जेवणाची. फोन टेबलावर उभा करून ते जेवायला बसायचे, मी बघत बसायचो. त्या रविवारी शमुवेलनं प्रार्थना केली. आमेन झालं. आणि कृपा – सहा वर्षांची पोर, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी बोलणारी – म्हणाली, "न तिले बी." आणि स्टीलची वाटी उचलून मागच्या भिंतीवर वाजवली. टण, टण.

मी हातातली बशी खाली ठेवली. पण पहिला विचार काय आला सांगू? भुताचा नाही. कोणीतरी पढवलंय, हा आला.

"कृपा, हे काय म्हणालीस?"

"आमेननंतर म्हणतात ना?"

"कोण म्हणतं?"

तिनं खांदे उडवले आणि खायला लागली. शमुवेल हसत म्हणाला, "चार-पाच दिवस चाललंय नाना. आम्हाला वाटलं इथल्या पोरांकडून काही उचललं असेल."

"ती अहिराणी आहे, गाढवा!"

"असेल," तो म्हणाला. त्याला अहिराणी येते किती? बोर्डिंगात गेली ती.

आठवडाभर मी डोकं चालवलं. शमुवेलला मधेच फोन करून उलटसुलट विचारलं, पोलिसानं विचारावं तसं. त्याला काही माहीत नव्हतं. खोटं बोलला की त्याचा आवाज बारीक होतो, तो झाला नाही. मग उरली कोण? सून. रूथचं माहेर जळगाव. तिची आई आणि मार्था बायकांच्या सभेत भेटायच्या. मार्थानं विहीणबाईंना सांगितलं, विहीणबाईंनी मुलीला, मुलीनं नातीला – बसली साखळी! आणि कशासाठी? तर म्हातारा बायकोच्या आठवणीनं विरघळेल आणि म्हणेल, या परत. मला हा डाव पक्का वाटला. रागही आला. मार्थाचे शब्द असे वापरायचे?

सरळ एसटी पकडून जळगावला गेलो. विहीणबाईंना अर्धांगवायू झालेला, हे मला ठाऊक होतं. पण 'बऱ्या आहेत' असं रूथ फोनवर म्हणायची. गेलो तर बाई खाटेला खिळलेल्या. वाचा गेलेली. शेजारची एक मुलगी दिवसातून दोन वेळा येऊन भरवून जायची. मी खाटेजवळ खुर्ची ओढून मोठ्यानं विचारलं, "विहीणबाई, मार्थानं तुम्हाला कधी सांगितलं होतं का – न तिले बी?" त्या नुसत्या बघत राहिल्या. मी नेलेली केळी उशाशी ठेवली होती, त्यांची नजर तिकडं गेली. तोंड उघडलं. आता काय करणार... एक केळ सोललं आणि तुकडे करून भरवलं. चौकशी तिथंच राहिली.

पुढच्या रविवारी कॉल आला. कृपानं तेच केलं. शब्द तेच, वाटी तीच. मी वाटच बघत होतो.

"रूथ, समोर ये. हे तूच शिकवलंस ना पोरीला? खरं सांग. तुला परत यायचंय, म्हणून."

शमुवेल म्हणाला, "नाना, काहीतरीच काय! तिनं कधी असं–"

"तू गप. मी तिला विचारतोय."

रूथ हात पदराला पुसत म्हणाली, "शिकवलं नाही, नाना. देवाशप्पथ. पण यायचंय हे खरं... हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

शमुवेल तिच्याकडं बघायला लागला. "रूथ? मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? नाना राहा म्हणाले, तुम्ही बरं म्हणालात. मला कोणी विचारलं?" आणि मग तिनं ताट बाजूला सारलं. "दवाखान्यात परक्यांच्या आयांना मी हातानं भरवते. माझ्या आईला कोण भरवतं?"

तेवढ्यात वाटी वाजली. टण, टण. मला वाटलं पोरगी परत खेळतेय, मी ओरडणार होतो. पण कृपाचे दोन्ही हात मला दिसत होते, भातात बरबटलेले. तीच म्हणाली, "नाना, तुमच्याकडं वाजलं."

मागं वळून बघितलं. वेणूअक्काच्या बाजूची भिंत. घड्याळ, कॅलेंडर, बाकी काही नाही.

मी म्हटलं, "या तुम्ही. कळवून टाका." हे मी आवाज व्हायच्या आधीच म्हटलं होतं, असं मला स्वच्छ आठवतं. शमुवेल म्हणतो, नंतर. आमचा ह्यावर अजून वाद आहे.

दुसऱ्या दिवशी शेजारची खोली उघडायला लावली. ती आता एका व्यापाऱ्याकडं आहे, सरकीच्या ढेपेची पोती ठेवतो. माझ्या भिंतीला लागून जमिनीपासून पत्र्यापर्यंत पोती रचलेली. उंदीर म्हणाल तर उंदीर वाटी वाजवत नाही. पोरांचा वात्रटपणा म्हणाल तर कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडावं लागलं. व्यापारी मला म्हणाला, "नाना, काय हरवलंय?" मी म्हटलं, "काही नाही."

ते परत आले. टपरीवर भागवत भाऊ म्हणालाच, "काय नाना, मिशन गुंडाळी लिन्हं का?" मी म्हटलं, "जळगावले चालू शे. जाईसन दखी ये." जाऊन बघून ये, असं. रूथनं आईला सात-आठ महिने स्वतःच्या हातानं जेवू घातलं. बाई सुखानं गेल्या. शमुवेल आता जळगावच्याच शाळेत शिकवतो. तो खूश नाही, मला कळतं. तो तसं म्हणत नाही आणि मी विचारत नाही.

कृपानं इथं पाय ठेवल्यापासून ते शब्द एकदाही उच्चारलेले नाहीत. मी आडून विचारलं, सरळ विचारलं, चॉकलेट देऊन विचारलं. ती म्हणते, "मी असं कधी म्हणत होते?" रूथवरचा माझा संशय अजून पुरता गेलेला नाही, हेही लिहून ठेवतो. पण तो धरला तरी ती भिंत उरतेच.

तर, मला हे समजलेलं नाही. आणि 'मला समजलं नाही' असं मी कागदावर पहिल्यांदाच लिहून देतोय.