वर्गमित्राचा चहा

रासुकाच्या फायली माझ्याकडे आल्या आणि मी शिरलो की बाररूममधल्या गप्पा थांबायला लागल्या. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली खटल्याशिवाय माणसाला आत ठेवायचे प्रस्ताव हाताखालचे सरकारी वकील लिहायचे, मी तपासून सही करायचो. घरीसुद्धा ब्र काढायची सोय नव्हती. डबा एकटाच खायचो.

ताडकळसच्या एका माणसाच्या प्रस्तावावर अशीच सही केली. तो आत गेल्यावर महिन्याभरानं फाईल चाळताना दिसलं, त्याला आधीच जामीन मिळाल्याचा हुकूम मी आत टाकायचा निर्णय घेणाऱ्या कलेक्टरांपुढे ठेवलाच नव्हता. माझ्या एवढ्या चुकीवर तो सुटला असता. मी फाईल बांधून ठेवली. भ्यालो, दुसरं काय!

त्याचा वकील माझा वर्गमित्र, वीस वर्षं माझ्या डब्यातली भाकरी खाल्लेला. चार महिन्यांनी त्यानं नेमकी तीच चूक शोधली आणि हायकोर्टातून माणूस सोडवून आणला. मला लय बरं वाटलं, पण सांगणार कुणाला? बाररूममध्ये तो सगळ्यांना चहा पाजत होता. मीही हात पुढं केला.

"साहेब, तुमचा चहा ऑफिसात पाठवतो," तो म्हणाला.

चहा आला. बिनसाखरेचा, मी पितो तसा.